सपाट पृथ्वी मानणारे लोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजच्या काळात पृथ्वी सपाट मानणारे खरंच आहेत, की ही सगळी थट्टा आहे?

दोन्ही आहे. सपाट पृथ्वीच्या नावानं जे काही फिरत असतं त्यातलं बरंचसं निव्वळ टिंगलीसाठी असतं. पण मनापासून मानणारेही आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात त्यांची परिषद भरली, पुढच्या वर्षी डेनव्हरला. लोक तिकीट काढून, रजा टाकून आले होते. नुसत्या गमतीसाठी कोणी एवढा खर्च करत नाही. २०१८ साली यूगव्ह या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेनं अमेरिकेत घेतलेल्या पाहणीत सुमारे २ टक्के लोकांनी पृथ्वी सपाट असल्याचं ठामपणे सांगितलं. अर्थात अशा पाहण्यांत मजा म्हणून उत्तर देणारेही असतात, तेव्हा हा आकडा जरा हातचा राखून घ्यावा.

पुढे सोयीसाठी या मंडळींना आपण सपाटवादी म्हणू.

त्यांच्या मते पृथ्वी नेमकी दिसते कशी?

सगळ्यांचं एकमत नाही, पण सर्वांत चालतं चित्र असं: पृथ्वी म्हणजे एक थाळी, मधोमध उत्तर ध्रुव आणि कडेनं गोल बर्फाची भिंत. ही भिंत म्हणजेच अंटार्क्टिका. सूर्य-चंद्र थाळीपासून जेमतेम ५,००० किलोमीटर उंचीवर घिरट्या घालतात. गुरुत्वाकर्षण नाही, जड वस्तू खाली जातात आणि हलक्या वर, एवढंच. काहींच्या मते सगळ्यावर घुमट आहे.

या चित्रात पहिली अडचण येते ती रोजच्या सूर्यास्ताची. सूर्य ५,००० किलोमीटर उंच असेल आणि तुमच्यापासून अगदी २०,००० किलोमीटर लांब गेला, तरी तो क्षितिजाच्या १४ अंश वरच राहील. मावळणार कसा? यावर ते म्हणतात, 'पर्स्पेक्टिव्ह', म्हणजे लांब गेलेली वस्तू खाली गेल्यासारखी दिसते. पण लांब जाणारी वस्तू लहान लहान दिसत जाते, आणि मावळतीचं बिंब काही दुपारच्या सूर्याहून लहान होत नाही.

असं मानणारे अडाणी असतात का?

नाही, आणि हा गैरसमज आधी काढून टाकायला हवा. माझाच अनुभव सांगतो. एका मावसभावाशी बोलता बोलता विषय निघाला. तो शिकलेला आहे आणि यंत्रांत चांगला हात चालतो. त्यानं शांतपणे विचारलं, "पृथ्वी गोल आहे हे तुला कसं माहीत?" मी म्हटलं, फोटो आहेत की. तो म्हणाला, "तू काढलेस?" मग मी लांब जाणाऱ्या जहाजाचं शीड सगळ्यात शेवटी दिसेनासं होतं, हे सांगितलं. "तू पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. दहा मिनिटांत माझी गाडी 'सगळे शास्त्रज्ञ सांगतात' या स्टेशनात येऊन थांबली. माझं म्हणणं बरोबर होतं, पण ते बरोबर का आहे हे मला सांगता येत नव्हतं.

मानसशास्त्रात याला नाव आहे: समजल्याचा भ्रम. २००२ साली रोझेनब्लिट आणि काइल या संशोधकांनी लोकांना साध्या वस्तूंबद्दल विचारलं. चेन (म्हणजे कपड्यांची झिप) कशी चालते, फ्लशची टाकी कशी चालते, कुलूप कसं उघडतं. आधी सगळे म्हणाले, माहीत आहे. पायरी पायरीनं लिहून काढायला सांगितल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःचे गुण कमी केले. पृथ्वीच्या आकाराचंही तेच आहे. आपल्यातले बहुतेक जण ती गोल मानतात ते शाळेवर, पुस्तकांवर, ते लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवून. त्यात गैर काहीच नाही, सगळंच स्वतः तपासायला आयुष्य पुरणार नाही. सपाटवाद्याचं वेगळेपण एवढंच, की त्याचा तो विश्वास उडालेला असतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ भूगोलात कमी आणि इथे जास्त आहे.

शिवाय सपाट पृथ्वी हीच माणसाची पहिली समजूत असते. १९९२ साली व्होस्नियाडू आणि ब्रुअर यांनी अमेरिकेतल्या ६० शाळकरी मुलांना पृथ्वीबद्दल बारकाईनं प्रश्न विचारले. 'पृथ्वी गोल आहे' हे मुलांना पाठ होतं. पण चित्रं काढायला लावल्यावर कोणी थाळीसारखी गोल पृथ्वी काढली, कोणी पोकळ चेंडू काढून माणसं त्याच्या आत सपाट जमिनीवर उभी केली, तर कोणाच्या मनात चक्क दोन पृथ्व्या होत्या: आपण राहतो ती सपाट, आणि आकाशात असते ती गोल. शिकवलेलं आणि दिसणारं यांची मुलं अशी आपल्यापुरती सांगड घालतात. मोठेपणी ही सांगड नीट बसली की नाही, हे कोणी तपासत नाही.

पूर्वी सगळेच पृथ्वी सपाट मानायचे ना?

फार फार पूर्वी, हो. पण जाणकारांत गोल पृथ्वीला दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली नेहमी वर्तुळाकार पडते, हा मुद्दा अ‍ॅरिस्टॉटलनं मांडला होता. एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दोन गावांतल्या दुपारच्या उन्हाच्या कोनांवरून पृथ्वीचा परीघ काढला. आर्यभटानं ४९९ साली पृथ्वीला कदंबाच्या फुलाची उपमा दिली: सगळीकडून केसर, तसे सगळीकडून जीव. कोलंबसाच्या काळात लोक पृथ्वीच्या कडेवरून पडायला घाबरत होते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात रंगवली गेली. कोलंबसाशी त्याच्या विरोधकांचा वाद होता तो पृथ्वी केवढी आहे यावर, आणि त्यात चूक कोलंबसाची होती.

मला सगळ्यात आवडतात ते भास्कराचार्य. ११५० सालच्या त्यांच्या ग्रंथात पृथ्वी गोल असल्याचं तर आहेच, पण ती सपाट *का दिसते* याचंही उत्तर आहे. कोणत्याही परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच दिसतो. पृथ्वी अतिविशाल, माणूस तिच्यापुढे अगदीच चिमुकला. म्हणून तिच्या पाठीवर उभ्या असणाऱ्याला ती सगळी सपाट भासते. श्लोकात 'पृथ्वी च पृथ्वी' असा खेळही केला आहे, कारण पृथ्वी या शब्दाचा अर्थच विस्तीर्ण. समोरच्याच्या डोळ्यांना खोटं न पाडता त्याला उत्तर देणं यालाच म्हणतात.

मग आजचा सपाटवाद आला कुठून?

इंग्लंडमधल्या एका कालव्यातून. १८३८ साली सॅम्युएल रोबॉथम नावाचा माणूस ओल्ड बेडफर्ड नदीत उतरला. नाव नदी, पण आहे सरळसोट खोदलेला पाट. पाण्याच्या वर जेमतेम २० सेंटिमीटरवर डोळे ठेवून त्यानं लांब जाणारी एक होडी पाहिली. दीड मीटर उंचीचं निशाण लावलेली ती होडी सहा मैलांवर, म्हणजे साडेनऊ किलोमीटरहून लांब गेली, तरी त्याला दिसत राहिली. पृथ्वी गोल असती तर ती कधीच आड गेली असती, असा त्याचा निष्कर्ष. 'पॅरालॅक्स' या टोपणनावानं त्यानं पुस्तिका काढली, गावोगाव व्याख्यानं दिली आणि लोकांनी पैसे देऊन ती ऐकली.

त्याची चूक कुठे झाली? पाण्याला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि दाट असते. तिच्यातून आडवा जाणारा प्रकाश खाली वाकतो आणि क्षितिजाआडची वस्तू उचलून दाखवतो. डोळा पाण्याच्या जितका जवळ, तितका हा खेळ जास्त.

१८७० मध्ये जॉन हॅम्पडन नावाच्या सपाटवाद्यानं पृथ्वीची वक्रता दाखवून देणाऱ्याला ५०० पौंडांची पैज लावली. ती घेतली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी; उत्क्रांतीच्या सिद्धान्तात डार्विनसोबत नाव घेतलं जातं तेच हे. वॉलेस आधी जमीनमोजणीचं काम करत असत, त्यामुळे त्यांना ही हवेची भानगड ठाऊक होती. त्यांनी त्याच पाटावर निरीक्षण पाण्यापासून चांगलं चार मीटर वर नेलं. दोन पुलांवर सारख्या उंचीच्या खुणा, मध्ये तेवढ्याच उंचीची चकती. दुर्बिणीतून मधली चकती वर आलेली दिसली. पृथ्वीला फुगवटा होता.

आता गंमत पाहा. हॅम्पडनच्या पंचानं त्याच दुर्बिणीतून तेच दृश्य पाहिलं आणि पृथ्वी सपाट ठरल्याचं जाहीर केलं. शेवटी निकाल वॉलेस यांच्या बाजूनं लागला. त्यानंतर हॅम्पडननं त्यांना वर्षानुवर्षं छळलं. त्यांच्या बायकोला नवऱ्याची हाडं मोडण्याच्या धमकीचं पत्र लिहिलं, बदनामीपायी तुरुंगात गेला, तरी थांबला नाही. वर कायद्यानं पैज वसूल करता येत नाही म्हणून वॉलेस यांना पैसेही परत करावे लागले. वादात जिंकूनही हरणं कसं असतं ते त्यांना विचारावं.

पुढे १९५६ मध्ये सॅम्युएल शेंटन यांनी इंग्लंडमध्ये सपाट पृथ्वी संशोधनाची संस्था काढली. त्यांच्यानंतर कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स जॉन्सन यांनी २००१ पर्यंत ती चालवली. पण तोवर हा छंद टपालानं वार्तापत्रं मागवणाऱ्या मोजक्या लोकांचा होता.

आताचे लोक यात शिरतात कसे?

व्हिडिओ पाहून. तेव्हा टेक्सास टेक विद्यापीठात असलेल्या अ‍ॅशली लँड्रम यांनी वर सांगितलेल्या दोन परिषदांत ३० जणांच्या मुलाखती घेतल्या. एक सोडून सगळे जण यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून वळले होते. उरलेल्या एकाला त्याच्या मुलीनं आणि जावयानं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते यूट्यूबवरच पाहिलं होतं! बरेच जण आधी दुसऱ्याच कारस्थानांचे व्हिडिओ पाहत होते, आणि यूट्यूबनं पुढचा म्हणून हा समोर ठेवला. काही तर खोडून काढायला म्हणून बसले होते, आणि तिथेच राहिले.

खोडायला बसलेला माणूस तिथेच का राहतो, हे समजून घेण्यासारखं आहे. या वर्तुळातला एक गाजलेला व्हिडिओ जवळजवळ दोन तासांचा असून त्यात दोनशे 'पुरावे' आहेत. एकेक पुरावा अर्ध्या मिनिटाचा. वैमानिक विमानाचं नाक सतत खाली का करत नाही? कालवे खोदताना वक्रता का धरत नाहीत? एकाचं उत्तर शोधायला तुम्हाला अर्धा तास लागतो, तोवर पुढचे साठ येऊन गेलेले असतात. वीस जरी खोडले तरी मनात राहतं ते 'एकशे ऐंशी तर उरलेत'. त्यातच निवेदक मधूनमधून सांगत असतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः शोधा. आणि शोधायला गेलं की समोर येतात त्याच्यासारखेच आणखी व्हिडिओ.

जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबनं असे व्हिडिओ सुचवणं कमी करण्याचं जाहीर केलं. सपाट पृथ्वीचं नाव त्या घोषणेत उदाहरण म्हणून होतं.

पण नासा किंवा इतर कोणी खोटं का बोलेल?

यावर सपाटवाद्यांकडे एक उत्तर नाही, दहा आहेत: पैसा, सत्ता, देवापासून माणसाला तोडणं, बर्फाच्या भिंतीपलीकडची जमीन लपवणं. उत्तर कोणतं, याची त्यांना फारशी फिकीर नसते, कारण बहुतेकांचा प्रवास उलटा झालेला असतो. 'वरचे लोक आपल्याला फसवतात' हे आधी पटलेलं असतं. पृथ्वी त्यात नंतर येते. आणि ती भावना अगदी हवेतून आलेली नसते. सरकारं खोटं बोलतात, कंपन्या नको ते दडपतात, हे अनेकदा उघडकीला आलं आहे. फक्त खरी कारस्थानं लहान असतात आणि फुटतात.

डेव्हिड ग्राइम्स यांनी २०१६ साली गणित मांडलं होतं: चंद्रावर उतरणं खोटं असतं तर नासाच्या ४ लाख ११ हजार लोकांना तोंड मिटून बसावं लागलं असतं, आणि ते गुपित चार वर्षांच्या आत फुटलं असतं. पृथ्वीच्या आकाराच्या कटात तर अमेरिका, रशिया, चीन, भारत, जपान एकत्र हवेत, शिवाय जगातले सगळे वैमानिक, खलाशी आणि मोजणीदार. शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियानं अमेरिकेचं एवढं मोठं बिंग फोडलं नसतं?

त्यांना यातून मिळतं काय?

मुख्य म्हणजे माणसं. परिषदांना जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात पृथ्वीपेक्षा एकमेकांना भेटल्याचा आनंद जास्त असतो. घरच्यांनी वेड्यात काढलेला माणूस अचानक अशा खोलीत येतो जिथे सगळे त्याचं ऐकतात. दुसरं, मान. काल जो कोणीच नव्हता, तो आज अब्जावधी झोपलेल्यांमधला जागा माणूस ठरतो. आणि तिसरं, थोडा दिलासा. अनंत पोकळीत भिरभिरणाऱ्या ठिपक्यापेक्षा घुमटाखालची, आपल्यासाठी बनवलेली जागा ऊबदार वाटते. काहींसाठी ही ऊब धर्मग्रंथांच्या शब्दशः वाचनातून येते, पण सगळ्यांसाठी नाही. आणि बहुतांश धार्मिक माणसं पृथ्वी गोलच मानतात.

त्यांच्या शंकांमध्ये काहीच तथ्य नसतं का?

शंका पुष्कळदा रास्त असते, काढलेला निष्कर्ष चुकतो. तीन उदाहरणं.

*'नासाचे फोटो संगणकावर बनवलेले असतात.'* काही असतात, आणि नासा ते सांगते. पृथ्वीचं २००२ सालचं गाजलेलं चित्र सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहानं टिपलेल्या पट्ट्या जोडून केलेलं आहे. तेवढ्या जवळून अख्खी पृथ्वी एका फोटोत मावतच नाही. पण ७ डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ मधून काढलेला फोटो एकसंध आहे, आणि १५ लाख किलोमीटरवरून एका उपग्रहानं २०१५ पासून वर्षानुवर्षं पूर्ण पृथ्वीचे फोटो काढले.

*'विमानातून क्षितिज सरळ दिसतं.'* हो, जवळजवळ सरळच. १० किलोमीटर उंचीवरून क्षितिज साडेतीनशे किलोमीटर लांब असतं आणि डोळ्यांच्या पातळीखाली जेमतेम तीन अंश उतरतं. छोट्या खिडकीतून तेवढा बाक कळणं अवघड.

*'क्षितिजाआड गेलेलं जहाज झूम केलं की परत दिसतं.'* हे माझ्या मावसभावाचं लाडकं हत्यार. सपाटवाद्यांत निकॉनचा पी९०० हा ८३ पट झूमचा कॅमेरा याचसाठी प्रसिद्ध आहे. त्यानं एक व्हिडिओ लावला, मी थांबवत थांबवत पाहिला. होडी ठिपका होती, ठिपका नाहीसा झाला, झूमनं परत आला. खरंच आला. पण परत आलेल्या होडीखाली पाण्याचा पट्टा दिसत होता आणि क्षितिजाची रेघ होती होडीच्या *मागे*. ती क्षितिजाआड गेलीच नव्हती, डोळ्यांना पेलणार नाही इतकी लहान झाली होती. खरोखर आड गेलेल्या जहाजाला झूम काही करू शकत नाही. डोळे पाण्यापासून २ मीटर वर असतील तर २० किलोमीटरवरच्या जहाजाचा खालचा सुमारे १५ मीटर भाग गायब असतो, मग कॅमेरा कितीही भारी असो. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बरं, हा व्हिडिओ सोड, दुसरा दाखवतो."

इतका पुरावा दाखवूनही पटत का नाही?

कारण पुरावा कोणाकडून आला, यावर त्याची किंमत ठरलेली असते. आणि स्वतःच काढलेला पुरावा उलटला, तर उपकरणावर संशय घेता येतो. २०१८ च्या एका माहितीपटात हे कॅमेऱ्यासमोर घडलं. सपाटवाद्यांनी सुमारे २० हजार डॉलरचा लेझर गायरोस्कोप (फिरणं अचूक मोजणारं उपकरण) आणला. पृथ्वी फिरत असेल तर तो ताशी १५ अंश सरकायला हवा होता. तो बरोबर ताशी १५ अंशच सरकला. मग आकाशातल्या कुठल्याशा ऊर्जेमुळे तसं होत असेल, म्हणून तिच्यापासून त्याला झाकण्याची खटपट सुरू झाली.

त्याच माहितीपटात जेरन कॅम्पानेला नावाच्या सपाटवाद्यानं समान उंचीच्या भोकांतून लांबचा दिवा पाहण्याचा प्रयोग केला. दिवा ठरल्या उंचीवर दिसला नाही, वर उचलल्यावरच दिसला. तरी मत बदललं नाही. ते बदललं डिसेंबर २०२४ मध्ये. विल डफी या अमेरिकन पाद्र्यानं काही सपाटवाद्यांना आणि काही गोल मानणाऱ्यांना अंटार्क्टिकात युनियन ग्लेशियरला नेलं. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास मावळत नाही. थाळीच्या नकाशावर अंटार्क्टिका सगळ्या कडेनं पसरलेली असल्यानं हे बसवणं शक्यच नाही. कॅम्पानेला यांनी चोवीस तास सूर्य आपल्याभोवती फिरताना पाहिला आणि चुकल्याचं कबूल केलं. परत आल्यावर त्यांच्याच जुन्या साथीदारांपैकी काहींनी त्यांना विकला गेलेला ठरवलं, काहींनी सगळं चित्रीकरणच बनावट ठरवलं.

घरातलंच कोणी याच्या नादी लागलं तर काय करावं?

चारचौघांत वाद घालू नका. चारचौघांत कोणीही हार मानत नाही. दोनशे मुद्द्यांच्या मागे धावू नका, एक निवडा आणि त्यावरच थांबा. "काय दिसलं तर तुझं मत बदलेल?" हा प्रश्न प्रयोगाच्या *आधी* विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. मला हे उशिरा सुचलं. आम्ही दोघांनी मिळून चंद्रग्रहण पाहिलं, वाकडी गोल सावली चंद्रावर सरकत गेली, आणि मावसभाऊ म्हणाला, "सावली पृथ्वीचीच कशावरून?" आधी ठरवलं असतं तर निदान त्याला एवढं सहज निसटता आलं नसतं. आम्ही अजून बोलतो, याचं मला जास्त बरं वाटतं.

मला स्वतःलाच तपासायचं असेल तर?

काठी आणि ऊन पुरतं. पण एराटोस्थेनीससारख्या दोन काठ्यांवर थांबू नका, तिथे सपाटवादी तुम्हाला बरोबर पकडतील. दोन ठिकाणच्या सावल्यांतला फरक 'पृथ्वी सपाट, सूर्य जवळ' असं धरूनही जमवता येतो. तीन ठिकाणं हवीत, एकमेकांपासून चांगली लांब, उत्तर-दक्षिण ओळीत. दिवस विषुवदिनाचा (दिवस आणि रात्र सारखे असतात तो) घ्या. एक मीटरची काठी सरळ उभी करा आणि सावली सगळ्यात आखूड असेल तेव्हा मोजा.

विषुववृत्तावर सावली पडणार नाही. तिथून ८०० किलोमीटर उत्तरेला ती साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. सपाट पृथ्वीच्या हिशेबानं यावरून सूर्याची उंची साधारण ६,३०० किलोमीटर निघते. आता तिसरा मित्र ५,००० किलोमीटरवर. सूर्य तेवढ्याच उंचीवर असेल तर त्याच्या काठीची सावली ७९ सेंटिमीटर हवी. प्रत्यक्षात ती एक मीटर पडते. एकवीस सेंटिमीटरचा फरक आहे, शाळेच्या फूटपट्टीनंही मोजता येतो.